मिलिमीटरच्या नातीची चाचणी

आमच्या विभागातल्या सुताराला सगळे मिलिमीटर म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्याला राग यायचा नाही. उलट कुणी 'सुतारकाका' अशी हाक मारली तर तो मान वर करून बघायचा, की हा कोण नवीन पाहुणा आला! मी त्या विभागाच्या भांडारात तेहतीस वर्षं काढली, त्यानं सत्तावीस. त्याच्या कामाच्या खोलीचं दार आणि माझ्या भांडाराचं दार समोरासमोर, मध्ये चार पावलांचा व्हरांडा. त्याच्या रंध्याचा भुसा माझ्या टेबलावर आणि माझ्या गप्पा त्याच्या कानावर, अशी आमची देवघेव. किल्ल्यांचा जुडगा कायम माझ्या कमरेला, म्हणून तो मला 'कुलूप' म्हणायचा.

विभाग विद्यापीठाचा. नाव कुटुंबशास्त्र आणि बालविकास. वरच्या मजल्यावर मुली शिकायच्या, की घर कसं चालतं, घरात भांडणं कशावरून होतात, म्हाताऱ्यांना नेमकं काय हवं असतं. (यातलं शेवटचं मला कधी विचारलं असतं तर मी फुकटात सांगितलं असतं.) खालच्या मजल्यावर एक छोटी शाळा होती, खऱ्याखुऱ्या पोरांची. तिच्या एका भिंतीत लांबलचक काच. काचेच्या अलीकडे अंधारी खोली. तिथं मुली वह्या घेऊन बसायच्या आणि पोरांना बघायच्या. पोरांना मात्र त्या दिसायच्या नाहीत, पोरांना दिसायचा आरसा. एकदा एक चिमुरडी त्या आरशाला नाक लावून पाच मिनिटं जीभ काढून उभी राहिली, आणि पलीकडे अकरा मुली ते गंभीर चेहऱ्यानं उतरवून घेत होत्या!

लिहायचीही रीत होती. 'मूल रडलं' असं लिहायचं, 'मूल हट्टी आहे' असं लिहायचं नाही. जेवढं डोळ्यांना दिसलं तेवढंच. मला ही रीत फार आवडली. मी घरी येऊन आमच्या हिला म्हटलं, "तू आज सकाळी भांडी आपटलीस, एवढंच मी म्हणणार. रागीट आहेस असं म्हणणार नाही." त्यावर तिनं आणखी एक भांडं आपटलं. तेही मी नुसतं बघितलं.

पहिल्या वर्षाच्या मुलींना बाळाला आंघोळ घालायला शिकवत. बाळ रबरी, पोटात वाळू भरलेली, वजन बरोबर तीन किलो दोनशे ग्रॅम. हे ऐकून माझ्या सासूबाई हसता हसता भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "जावईबापू, मी सात पोरं न्हाऊ घातली. मला प्रोफेसर करा म्हणावं." मी दुसऱ्या दिवशी तो निरोप जसाच्या तसा बाईंना सांगितला. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्या म्हणाल्या, "घेऊनच या त्यांना. सातव्याच्या वेळीही कंटाळा कसा आला नाही, तेवढं विचारायचंय." अशा होत्या बाई. मोठ्या पदाच्या, पण आवाज कधी चढला नाही.

मिलिमीटरकडे यायचं ते पोरांना तपासायच्या पेट्यांचं काम. एक लाकडी पेटी. तिच्यात दहा ठोकळे, पंचवीस मिलिमीटरचे. भोकं पाडलेली फळी आणि तिच्यात बसवायच्या खुंट्या. गोल, चौकोन, त्रिकोण कापलेली पाटी. दोरीत ओवायचे मोठे मणी. मूल यातलं कोणत्या वयात काय करतं, ते बघून त्याची वाढ मोजायची. बोलण्याचे आणि हाकेला ओ देण्याचे प्रश्न वेगळे, ते कागदावर. लाकडाचं सगळं मिलिमीटरचं.

एकदा त्यानं अख्खे दहा ठोकळे टाकून दिले. मी हातात घेऊन बघितले, मला काही दोष दिसेना.

"अर्धा मिलिमीटर जास्त आहेत," तो म्हणाला.

"अरे, अर्ध्या मिलिमीटरनं पोरगं पडणार आहे का?"

"पोरगं नाही पडत रे कुलूप, मनोरा पडतो. आणि मनोरा पडला की त्या मुली पोराच्या नावापुढे लिहितात. चूक माझी, नाव त्याचं. हा कुठला न्याय?"

मला गप्प बसवणारी माणसं जगात तीनच. त्यातला तो एक.

अशा सतरा पेट्या त्यानं केल्या. त्या बनल्या की माझ्या कपाटात, कुलपात. त्या पेटीचं लाकूड, पॉलिश, वजन, बिजागरी, सगळं आम्हा दोघांना तोंडपाठ. फक्त एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती, की त्या तपासणीतून जो आकडा निघतो त्याचं पुढे काय करतात. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारलं नाही. व्हरांड्यात दरवर्षी निकालाच्या दिवशी रडणाऱ्या मुली आम्ही बघत होतो. परीक्षा म्हणजे पास व्हायचं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

आता त्याच्या नातीचं सांगतो.

मिलिमीटरची बायको लवकर गेली. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. घरात हा, सून आणि नात. सून घरीच शिवणयंत्रावर शर्टांच्या कॉलरी शिवायची, शंभरशंभराच्या गठ्ठ्यानं. नातीला तो मुंगी म्हणायचा. लहानखुरी, आणि एकदा कशाच्या मागे लागली की वाट न सोडणारी.

मुंगी सव्वादोन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघायची नाही. कानाचा दोष म्हणावा, तर स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं की पलीकडच्या खोलीत दचकायची. बोट दाखवून काही मागायची नाही. सगळे म्हणायचे, बापावर गेलीय, तोही उशिराच बोलला. मी तर छाती ठोकून सांगितलं, "अरे, माझा नातू बघ. दीड वर्षाचा असल्यापासून जे तोंड उघडलंय, ते झोपेतसुद्धा मिटत नाही. तुझी मुंगी निदान घरात शांतता तरी ठेवते. नशीबवान आहेस." तो हसला. मीही हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

तर ते अर्ध्या मिलिमीटरनं नापास झालेले दहा ठोकळे. त्याच्या मनात आलं, फेकण्यापेक्षा पोरीला न्यावेत. विद्यापीठाच्या फाटकातून काडी जरी बाहेर न्यायची तरी चिठ्ठी लागते. मी चिठ्ठी लिहिली, 'निरुपयोगी लाकडी तुकडे', आणि झोकात सही केली.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी माझ्याआधी येऊन दारात उभा.

"कुलूप, काय सांगू तुला! मी एक ठोकळा ठेवला, तिनं त्याच्यावर दुसरा ठेवला. मग हात असा पुढे करून बसली. माझ्या हाताची वाट बघत!"

"तुझ्याकडे बघितलं?"

"माझ्याकडे नाही. हाताकडे. पण वाट बघितली रे."

माणूस आनंदानं नुसता फुलला होता. सव्वादोन वर्षांत पोरीनं पहिल्यांदा कुणाची तरी वाट बघितली होती. मग रोज संध्याकाळी घरी गेला की हातपाय धुवून तो जमिनीवर मांडी घालायचा आणि मुंगी येऊन समोर बसायची. बोलणं नाही, चालणं नाही. त्याचा एक, तिचा एक. सून यंत्र चालवता चालवता बघायची.

पण सून शहाणी होती. लस टोचायच्या वेळी तिनं नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, "अहो, तुमचे सासरे जिथं काम करतात तिथंच दाखवा की! अशा मुलांसाठी मदतवर्ग आहे तिथं. पण तीन वर्षांच्या आत जायला हवं. नंतर घेत नाहीत." बारा मुलांचा वर्ग. बोलायला, बघायला, हाकेला वळायला शिकवणाऱ्या दोन बाया खास त्यासाठी शिकून आलेल्या. मिलिमीटरनं स्वतः त्या वर्गाच्या बारा खुर्च्या केल्या होत्या. तो आमच्या बाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, "आणा ना तिला. आधी चाचणी होईल. यादीत नाव घालते, दोन महिन्यांनी नंबर येईल."

चाचणी म्हणजे तीच पेटी.

त्या दोन महिन्यांत माझ्या समोरच्या खोलीतून उरल्यासुरल्या लाकडाची भोकाची फळी बाहेर पडली, खुंट्या पडल्या, गोल-चौकोनाची पाटी पडली, मणी पडले. सगळं हुबेहूब. मी विचारलं, "ही अठरावी पेटी कुणाची रे?"

"पोरीची. तयारी नको का करायला? मी इथला माणूस. माझी नात माझ्याच विभागात नापास झाली, तर या मुलींना तोंड कसं दाखवू?"

"हवीच की तयारी," मी म्हणालो. आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर आणि चार इयत्ता. पाढे पाठ न करता गेलं की हातावर छडी. तयारीशिवाय परीक्षेला बसवणं म्हणजे पोराला मार खायला पाठवणं, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी पुन्हा चिठ्ठी लिहिली. पुन्हा सही केली.

मुंगीनं दोन महिन्यांत सगळं आत्मसात केलं. सून समजायची की आजोबा-नातीचा खेळ चाललाय. पेटीच्या आत काय असतं ते तिला कुठून ठाऊक असणार?

चाचणी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनं घेतली. चष्मेवाली, नेमस्त पोर. मुंगीनं दहा ठोकळ्यांचा मनोरा उभा केला, खुंट्या बसवल्या, पाटीत गोल-त्रिकोण टाकले, तेही खाली न बघता. चष्मेवालीचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं मुंगीला नावानं हाक मारली. चार वेळा मारली. बाहुली दाखवून 'हिचं नाक कुठंय' विचारलं. मुंगी खिडकीच्या गजाकडे बघत होती. चष्मेवालीनं रीतीप्रमाणे जे दिसलं तेवढंच लिहिलं.

आठ दिवसांनी कागद आला. एकूण गुण रेषेच्या चारानं वर. 'मदतवर्गाची आवश्यकता नाही.'

मिलिमीटरनं व्हरांड्यात सगळ्यांना बिस्किटं वाटली. शिपाई, झाडूवाली, वरच्या मजल्यावरच्या मुली, कुणी सुटलं नाही. मला चार दिली. "वर! रेषेच्या वर! माझी मुंगी!" त्या चारातलं तिसरं बिस्किट माझ्या तोंडात होतं तेव्हा सून आली. पोरीला कडेवर घेऊन, कागद हातात.

"बाबा, हे काय झालं?"

"पास झाली पोर!"

"बाबा, पास नव्हतं व्हायचं."

त्याला कळलं नाही. मलाही नाही.

"रेषेच्या खाली येतील त्यांना घेतात मदतवर्गात," सून म्हणाली. ती बोलताना रडत नव्हती, अगदी हळू बोलत होती. "मी आत्ता बाईंना विचारून आले. बोलण्यात शून्य आहे. हाकेला शून्य. पण हातानं एवढे गुण मिळवलेत, की बेरीज वर गेली. बाई म्हणाल्या, अडीच वर्षांच्या मुलीला चार वर्षांच्या मुलाचं जमतंय. कुठून आलं बाबा हे तिला?"

मिलिमीटरच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. तो त्यानं खिडकीत ठेवला.

"मी शिकवलं," तो म्हणाला. "पेटी केली घरी."

दोन्ही चिठ्ठ्यांवरच्या सह्या माझ्या.

सून सासऱ्याला कधी उलटून बोललेली नव्हती. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "ती मला आई म्हणत नाही, बाबा. तुमचे ठोकळे चढवते."

मग आम्ही तिघं बाईंच्या खोलीत. मिलिमीटरनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मीही चिठ्ठ्यांचं सांगितलं. वाटलं होतं, आता नोकरीवर गदा येईल. बाईंनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"चूक आमचीही आहे," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं तुमच्याकडून पेट्या करून घेतल्या, आणि कशासाठी ते एकदाही सांगितलं नाही."

"बाई, मला काय ती शिक्षा करा. पोरीला वर्गात घ्या."

"नियम माझा नाही हो. वरून आलाय. बेरीज बघायची, म्हणजे बेरीजच. बोलणं वेगळं मोजा म्हणून मी आजवर चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही."

"मग मी दुसरी पेटी करतो. वेगळ्या मापाची. वेगळे आकार. तिनं कधी न बघितलेली."

बाई काही बोलायच्या आत तो उठला. चार दिवसांत त्यानं ती पेटी केली. काय पेटी होती! षटकोनी ठोकळे, चांदणीच्या आकाराची भोकं. असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. बाईंच्या टेबलावर ती ठेवून तो दोन पावलं मागे सरला. बाईंनी एकेक ठोकळा हातात घेतला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण ही चालणार नाही. आधी हजारभर मुलांना द्यावी लागते. कोणत्या वयाचं मूल हिच्यात काय करतं हे कळल्याशिवाय, हिच्यावरून कुणाला मोजायचं कसं?"

"हजार?"

"निदान हजार."

तो ठोकळे एकेक करून परत पेटीत ठेवू लागला. मला वाटतं, हजार पोरं कुठून गोळा करावीत याचा तो खरोखर हिशेब करत होता.

बाईंनी त्यांच्याकडून होतं तेवढं केलं. सहा महिन्यांनंतर त्याच पेटीनं एकदा, फक्त एकदा, पुन्हा तपासता येतं, असं चाचणीच्या पुस्तकात होतं. तोवर मुंगीची तीन वर्षं उलटणार होती. बाई वरच्या समितीपुढे दोनदा जाऊन बसल्या आणि वयाची सूट मिळवून आणली. वर्गातलं एक मूल सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरात जाणार होतं, त्याची जागा होईल म्हणाल्या. "पण या सहा महिन्यांत ठोकळ्याला हात नको. हाताला विसर पडायला हवा." सुनेला त्यांनी घरी करायच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या. वस्तू तोंडाजवळ धरायची, नाव घ्यायचं, मनात दहा मोजत थांबायचं. "पण हे वर्गाच्या बरोबरीचं नाही," हेही सांगितलं. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

मिलिमीटरनं घरची पेटी आणून माझ्या कपाटात टाकली. म्हणाला, "कुलूप लाव, आणि किल्ली मी मागितली तरी देऊ नकोस."

पहिल्या संध्याकाळी मुंगी नेहमीच्या जागी येऊन बसली. हात पुढे केला. यानं आपले हात पाठीमागे धरले. ती बसून राहिली. मग पलंगाखाली वाकून बघितलं, दाराआड बघितलं. मग जमिनीला गाल लावून आडवी झाली. रडली नाही. तो मला हे दुसऱ्या दिवशी सांगत होता आणि हातातली धार असलेली पटाशी उगाच दगडावर घासत होता.

तिसऱ्या दिवशी तिनं वाट्या एकावर एक ठेवल्या. वाट्या फळीवर गेल्या. मग साबणाच्या वड्या. मग आईच्या दोऱ्याची रिळं. सून बिचारी सगळी रिळं उशीच्या अभ्र्यात घालून खुंटीला टांगायची, एकेक काढून शिवायची. एकावर एक उभी राहील अशी कुठलीच वस्तू घरात खाली ठेवायची सोय राहिली नाही. काडेपेट्या वर, चपलासुद्धा वर. मी एकदा गेलो तर माझा चष्म्याचा डबा दारातच काढून घेतला!

"काय दिवस आलेत बघ," मिलिमीटर म्हणाला. "जन्मभर पोरांसाठी खेळणी केली. आता स्वतःच्या घरातून हुसकावतोय."

आणि मुंगी त्याच्यापुढे येऊन बसायची बंद झाली. हे त्यानं मला सांगितलं नाही. सुनेनं सांगितलं.

माझं डोकं नको तिथं फार चालतं. मी म्हटलं, "अरे, चढवायला शिकवलंस, तसं पाडायला शिकव! चार ठोकळे झाले की ढकलायचा. दोन महिन्यांत तयार होईल. बेरीज खाली!" त्याचे डोळे चमकले. तो तसाच घरी गेला आणि सुनेपुढे हा बेत मांडला. सुनेनं यंत्र थांबवलं.

"पुन्हा शिकवणी नको, बाबा. ती जशी आहे तशी एकदा तरी कुणाला दिसू द्या."

बेत तिथंच संपला. सून रोज कॉलरींच्या मध्येमध्ये पोरीपुढे बसायची. वाटी तोंडाजवळ, 'वाटी', आणि दहापर्यंत मोजत थांबायची. पुन्हा 'वाटी'. दिवसातून शंभर वेळा. बाहेर उभ्या माणसाला वाटावं, ही बाई वाटीशीच बोलतेय. चौथ्या महिन्यात मुंगीनं 'व' म्हटल्यासारखं केलं. एकदा. त्या दिवशी सून धावत विभागात सांगायला आली होती. नंतर पुन्हा नाही.

सहा महिने झाले. चाचणीला मुद्दाम नवी विद्यार्थिनी. तपासणारीला आधीचं काही ठाऊक नसावं, अशी रीत. गालावर खळी, नुसता उत्साह. ती मुंगीला हाताला धरून आत घेऊन गेली आणि दार लावलं. बाहेर बाकावर आम्ही तिघं. मधे सून. तिच्या मांडीवर मुंगीची टोपी.

बराच वेळ काही ऐकू येईना. मग मुलीचा आवाज आला, मुंगीचं नाव. थांबणं. पुन्हा नाव. पुन्हा थांबणं. सुनेचे ओठ हलत होते; ती दहा मोजत होती. आतून उत्तर नाही. मिलिमीटर माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "चांगलं चाललंय." आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. नातीला ओ देता येत नाही, याला तो चांगलं म्हणत होता.

मग लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज आला.

मला तो नुसता 'टक' वाटला. मिलिमीटरनं डोळे मिटले. "एक," तो म्हणाला. मग "दोन." त्याला आवाजावरून कळत होतं, कारण मनोरा चढत जातो तसा आवाज पोकळ होत जातो म्हणे. तीन, चार झाले. पाचव्याला थोडं थांबणं झालं. सुनेनं टोपी घट्ट धरली. टक. "पाच." सहा. सात.

"पडू दे," तो पुटपुटला. "पडू दे रे."

आठ.

मी कुठल्या देवाला काय मागू? पोरीचा हात चुकू दे, म्हणून कुणी हात जोडलेत कधी? पण मी जोडले. नऊ. मग इतका वेळ काहीच नाही, की मला वाटलं, देवानं ऐकलं. आणि मग अगदी हलकेच, पाखरानं पाय टेकावा तसा, दहावा.

आतून टाळ्या वाजल्या. ती खळीवाली आनंदानं टाळ्या वाजवत होती.

दार उघडून ती कागद घेऊन बाहेर आली. "काका, तुमची नात का? दहाच्या दहा हो! हात बघा तिचा, जराही हलत नाही. मी असं मूल अजून बघितलं नाही!" तिला वाटलं आम्ही खूश होऊ. आमच्या तोंडांकडे बघून तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

बाई आल्या. त्यांनी तिथंच बाकाच्या टोकाला बसून बेरीज केली. पुन्हा केली. बोट ठेवून तिसऱ्यांदा केली.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोनानं वर."

मला राहवलं नाही. "बाई, दोनच तर आहेत. कोण बघतंय?"

बाईंनी मान वर केली नाही. नुसतं खळीवालीकडे बोट केलं. "कागदावर तिची सही झालीय. आज हिला मी दिसलं त्यापेक्षा वेगळं लिहायला शिकवू? उद्या ही कुणाच्या मुलाचं काय लिहील?"

"नको बाई," मिलिमीटर म्हणाला. "नका शिकवू."

"मी पुन्हा पत्र लिहिते."

"लिहा."

सून उठून आत गेली आणि मुंगीला घेऊन बाहेर आली. टोपी घालताना तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला, आणि सोडून दिला. मुंगी तिच्या हातातून सुटली, व्हरांड्यातून बाहेर जायच्या जाळीच्या दारापाशी गेली, तिथून परत आली आणि मिलिमीटरचं एक बोट धरलं. तो चटकन वाकला, पोरीच्या तोंडासमोर तोंड आणलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बोट धरून तिनं त्याला दारापाशी ओढत नेलं, त्याचा हात उचलला आणि कडीवर ठेवला. आपला हात मागे घेतला आणि त्याच्या हाताकडे बघत उभी राहिली.

मिलिमीटर तसाच वाकलेला होता. पलीकडे मदतवर्गात त्या वेळी पोरं गोल करून बसली होती, त्यांच्या बाई प्रत्येकाला नावानं हाक मारत होत्या, आणि एकेक पोर हात वर करत होतं. ते सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

त्यानं कडी काढली.